दात किती कोरायचा?

वरच्या दोन मोठ्या पटाशीच्या दातांपैकी डावीकडचा दात. खो-खो खेळताना खांबावर तोंड आपटलं आणि त्याचा खालचा कोपरा तिरका तुटला. दिसणाऱ्या दाताचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. नस उघडी पडलेली नाही, पण पांढऱ्या कवचाखालचा, म्हणजे इनॅमलखालचा, पिवळसर थर (डेंटिन) दिसतो आहे आणि तोंडात वारा गेला तरी दात शिवशिवतो. तुटलेला तुकडा मैदानावरच राहिला. मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या संघात खेळणारी. तिच्या वडिलांचं म्हणणं एवढंच, "काय करायचं ते एकदाच करा, डॉक्टर. पुन्हा पुन्हा नको."

या दाताचं काय करायचं यावर माझ्या घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही जाणत्या माणसांची आहेत. माझा थोरला भाऊ चाळीसेक वर्षं सांगलीत दातांचा दवाखाना चालवतो. माझी मुलगी पुण्यात प्रॉस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, व्हिनिअर, कवळी हाच तिच्या शिक्षणाचा विषय. जुना डॉक्टर कॅपचा कैवार घेईल आणि तरुण मुलगी बाँडिंगची बाजू मांडेल असं कुणालाही वाटेल. झालं उलट. मामा म्हणतात, तुटलेला भाग खुर्चीतच कंपोझिटने उभा करा. भाची म्हणते, पोर्सिलेनचं व्हिनिअर करा. हा वाद मी लिहून काढला, कारण दात तुटलेल्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न येतो आणि बहुतेकांना त्याचं उत्तर खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं असताना, मान हलवून द्यावं लागतं.

दोन्ही कामं आधी थोडक्यात सांगते. बाँडिंगमध्ये तुटलेल्या कडेवर फॉस्फोरिक आम्लाची जेल काही सेकंद लावून धुतात, चिकटद्रव्य चोळतात आणि त्यावर कंपोझिट थराथराने रचत जातात. कंपोझिट म्हणजे काचेचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं रेझिन. एक थर साधारण २ मिलिमीटरहून जाड नको. प्रत्येक थरावर निळा दिवा धरला की तो २० सेकंदांच्या आसपास कडक होतो. एका बैठकीत दात उभा राहतो. व्हिनिअरसाठी दाताची पुढची बाजू साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर कोरतात, माप घेतात आणि लॅबमधून तयार होऊन आलेला पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा पुढच्या भेटीत चिकटवतात. कॅपसाठी मात्र दात चहूबाजूंनी कोरावा लागतो.

भाची : मामा, कंपोझिट मीही रोज वापरते, त्याला नावं ठेवत नाही. पण तुटलेला कोपरा कुठला आहे ते बघा. जबडा पुढे सरकला की खालचे दात नेमके याच कडेवर घासतात. घास तोडताना सगळा जोर इथेच. पाच-सात वर्षांत कड झिजेल, टवका उडेल, चकाकी जाईल. शिवाय कंपोझिट पाणी शोषतं आणि पाण्याबरोबर रंगही. चहा आहे, हळद आहे. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहणाऱ्या मुलीला हळद खाऊ नकोस म्हणून सांगायचं का? पोर्सिलेनच्या झिलईवर असा डाग धरत नाही. योग्य दात निवडून नीट चिकटवलेली व्हिनिअर १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांहून अधिक टिकून असतात, बहुतेक अभ्यासांचा कल हाच आहे. वडील 'एकदाच' म्हणतात, तर त्याच्या जवळात जवळ जाणारं उत्तर हे आहे.

मामा : एकदाच होणारं काम आपल्याकडे नाही, हे आधी त्यांना सांगायला हवं. पोरगी १९ ची आहे. तुझं व्हिनिअर १५ वर्षं टिकलं असं धरू. ३४ व्या वर्षी दुसरं, ४९ व्या वर्षी तिसरं, ६४ व्या वर्षी चौथं. जुनं पोर्सिलेन काही अलगद निघत नाही, यंत्राने कोरूनच काढावं लागतं. दर वेळी थोडा दात त्याच्याबरोबर जातो. चौथ्या वेळी चिकटवायला खाली काय उरणार? माझ्या पद्धतीत पहिल्या दिवशी दात कोरायचाच नाही. कडेला किंचित उतार दिला की बास. तुटला तेवढाच भरायचा. कड झिजली तर वरचा थर खरवडून नवा द्यायचा. तिच्या ३४ व्या वर्षी तुला व्हिनिअर करावंसं वाटलं तर दात जवळजवळ जसाच्या तसा तुझ्या हाती येईल. तोवर साहित्यही आजच्यापेक्षा चांगलं निघालेलं असेल.

भाची : मग तुमच्या बाजूचाही हिशोब मांडू या. पाच-सात वर्षांनी एकदा धरलं तर तिच्या हयातीत आठ-नऊ वेळा. आणि तुम्ही म्हणता तसं दर वेळी दात अगदी शाबूत राहतो हेही खरं नाही. कंपोझिटचा रंग दाताशी इतका जुळलेला असतो की खरवडताना कंपोझिट कुठे संपलं आणि इनॅमल कुठे सुरू झालं ते कळत नाही. हात इनॅमलवर जातोच.

मामा : जातो, कबूल. पण त्याला उपाय आहे. जांभळ्या उजेडाचा दिवा धरला की कंपोझिट दाताहून वेगळं चमकतं, हद्द दिसते. आणि मुख्य म्हणजे कंपोझिटचा टवका उडाला तर त्याच जागी, त्याच दिवशी जोडता येतो. पोर्सिलेन तडकलं तर तोंडात करता येणारी दुरुस्ती तात्पुरतीच. ही मुलगी उद्या पुन्हा खांबाभोवती वळणार आहे, हे विसरू नकोस.

इथे मला थोडं मागे जायला हवं. दोघंही डॉक्टर एक गोष्ट गृहीत धरून बोलत होते, आणि नेमकी तीच पेशंटला कुणी सांगत नाही. कंपोझिट असो की पोर्सिलेनचा पापुद्रा, दोघांना धरून ठेवतं ते दाताचं इनॅमल.

१९३० च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे बसवत, तेही कवळी धरून ठेवणाऱ्या पावडरीने. चित्रीकरण संपलं की ते काढून ठेवावे लागत, कारण दाताला कायमचं काही चिकटवण्याची रीतच सापडलेली नव्हती. ती १९५५ मध्ये रॉचेस्टरच्या मायकेल ब्यूनोकोर यांनी दाखवली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत, तेच त्यांनी इनॅमलला लावून पाहिलं. इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. आम्लाने त्यावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात आणि रेझिन त्यांत उतरून घट्ट होतं. राफेल बोवेन यांना आजच्या कंपोझिटच्या मुळाशी असलेल्या रेझिनचं पेटंट मिळालं १९६२ मध्ये. पोर्सिलेनची आतली बाजू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरखरीत करून तीही अशीच चिकटवायची, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जमलं. म्हणजे आज आपण ज्यांना दोन परस्परविरोधी उपचार समजतो, ते दोन्ही ब्यूनोकोर यांच्या त्या एका प्रयोगावर उभे आहेत.

हे इनॅमल पुन्हा येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. त्याखालच्या डेंटिनलाही चिकटवता येतं, पण तो थर ओलसर असतो, सूक्ष्म नळ्यांनी नसेशी जोडलेला असतो आणि तिथली पकड इनॅमलइतकी भरवशाची नसते. इनॅमल ओलांडून डेंटिनपर्यंत कोरून बसवलेली व्हिनिअर लवकर निसटतात, तडकतात. पोर्सिलेनसाठी म्हणून आपण जास्त कोरतो आणि त्या कोरण्याने पोर्सिलेनचाच आधार काढून घेतो. कोणतं साहित्य चांगलं, हा प्रश्न त्यामुळे मला दुय्यम वाटतो. आधी विचारायचं ते हे, की कोरणार किती.

मामांचा मुद्दा नेमका तिथेच होता.

मामा : दाताच्या कडेला इनॅमल मिलिमीटरभर असेल, पण हिरडीपाशी? कित्येकदा अर्धा मिलिमीटरही भरत नाही. तिथे तुझी कोरणी जराशी खोल गेली की डेंटिन लागलं.

भाची : म्हणून तर अंदाजाने कोरायचं नसतं. आधी दाताच्या साच्यावर मेणाने नवा आकार घडवायचा. त्या आकाराचा सिलिकॉनचा ठसा घेऊन तात्पुरतं मटेरियल तिच्या तोंडातच, न कोरलेल्या दातावर बसवायचं. तिला आरशात बघू दे, बोलू दे, हसू दे. पसंत पडलं की त्या तात्पुरत्या आकारावरूनच मोजून कोरायचं. जिथे जागा आधीच आहे तिथे कोरणी दाताला लागतच नाही. हिचा तर कोपराच तुटलाय, कडेला जागाच जागा आहे. हिरडीपाशी ०.३ मिलिमीटरच्या पुढे मी जाणार नाही.

मामा : तू जाणार नाहीस. पण सगळे एवढं मोजून कोरतात?

भाची : आणि बाँडिंग करताना सगळे रबर डॅम लावतात?

यावर मामा थोडा वेळ गप्प राहिले. रबर डॅम म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा. लाळ आणि उच्छ्वासाचा दमटपणा दातापासून दूर ठेवण्यासाठी तो १८६४ पासून उपलब्ध आहे. बाँडिंगचं सगळं यश कोरडेपणावर आहे. आम्लाने खरखरीत झालेल्या इनॅमलला लाळेचा स्पर्श झाला तर पकड जाते आणि वर रचलेलं सुंदर काम सहा महिन्यांत कडेने काळं पडतं किंवा निघून येतं. तरीही किती दवाखान्यांत हा पडदा लावला जातो?

मामा : नाही लावत, खरं आहे. कारणही सांगतो. असा पटाशीचा दात कंपोझिटने नीट उभा करायचा तर दीड तास लागतो. आत डेंटिनच्या रंगाचा गढूळ थर, त्यावर इनॅमलसारखा पारदर्शक, कडेला निळसर झाक, मग चकत्यांनी घासत घासत आणलेली चकाकी. एवढं करून मी पोर्सिलेनच्या निम्मे पैसे सांगितले तरी लोक म्हणतात, "सिमेंट तर भरलंत, त्याचे एवढे?" लॅबमधून डबीत आलेली वस्तू दिसली की पैसे द्यायला कुणाचा हात अडखळत नाही. डॉक्टरच्या दीड तासाचे पैसे द्यायला जीव होत नाही. मग डॉक्टरही वीस मिनिटांत एकाच रंगाचा गोळा लावून मोकळा होतो आणि बाँडिंग टिकत नाही असं नाव होतं.

भाची : आणि तेच वीस मिनिटांचं काम घेऊन लोक माझ्याकडे येतात. हिरडीपाशी कड वर आलेली, फ्लॉसचा धागा अडकतोय, हिरडीतून रक्त. मी पोर्सिलेन सुचवते ते बहुतेक अशा तोंडांत. बाँडिंगला माझा विरोध नाही, घाईघाईच्या बाँडिंगला आहे.

मला हा संवादातला सगळ्यात खरा भाग वाटला. आपण रुग्ण म्हणून वस्तू विकत घेतो, वेळ विकत घेत नाही. गावागावात दर वेगवेगळे असतील, पण लॅबचं व्हिनिअर बाँडिंगच्या तिप्पट-चौपट जातं आणि तरीही अनेकांना तेच "पैसा वसूल" वाटतं. दीड तास वाकून, भिंगातून बघत, एका दाताचे पाच-सहा थर रचणाऱ्या डॉक्टरच्या मेहनतीचं मोल आपण केलं नाही, तर ते कसब हळूहळू नाहीसं होईल आणि मग निवड करायला बाँडिंग उरणारच नाही.

पोर्सिलेनच्या बाजूनेही एक माणूस असाच नजरेआड राहतो. तो म्हणजे लॅबमधला टेक्निशियन. माझ्या मुलीने त्याच्याबद्दल फार आपुलकीने सांगितलं. फेल्डस्पारची बारीक पूड द्रवात कालवून तो ब्रशने थर देतो आणि भट्टीत भाजतो. भाजताना पोर्सिलेन आकारमानाने जवळपास तिसऱ्या हिश्श्याने आकसतं, म्हणून आधी दात मोठा घडवावा लागतो आणि आकसल्यावर तो नेमका किती उरेल हे हाताला ठाऊक असावं लागतं. शेजारच्या दातावर पांढरा ठिपका असेल तर तो ठिपका, कडेला झाक असेल तर ती झाक, हे सगळं त्या पातळ थरात आणायचं. लिथियम डायसिलिकेटसारखी नवी सिरॅमिक मजबूत आहेत, वाकताना सुमारे ४०० मेगापास्कलचा ताण सोसतात, पण शेजारच्या दाताशी हुबेहूब मेळ घालायचा तर बऱ्याचदा वरचा थर हातानेच द्यावा लागतो.

भाची : खरं सांगू का मामा, वरचा एकच पटाशीचा दात जुळवणं हे आमच्या शाखेतलं सगळ्यात अवघड काम. दोन्ही दात अगदी शेजारी, मध्यभागी, उजेडात. जरा फरक असला की समोरच्याची नजर तिथेच जाते. दोन-तीन ट्रायल होतात. दाताचा रंगही अगदी सुरुवातीला, दात ओला असताना बघावा लागतो. तोंड अर्धा तास उघडं राहिलं की दात सुकून पांढरा दिसतो आणि शेड चुकते.

मामा : आणि जुळलं नाही की काय करतात? शेजारचा चांगला दातही कोरतात! दोन्हींवर व्हिनिअर बसवलं की रंग आपोआप सारखा. त्या दुसऱ्या दाताने कुणाचं काय केलं होतं?

भाची : मी ते करणार नाही.

मामा : तू करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण हा विचार त्या मुलीच्या वडिलांपुढे कुणी तरी मांडणार. "दोन केले तर छान दिसेल, सहा केले तर आणखी छान."

इथे मी भावाच्या बाजूने आहे आणि ते आडपडद्याने सांगत नाही. धडधाकट दात केवळ शेजाऱ्याशी रंग जुळावा म्हणून कोरणं मला गैर वाटतं. किंचित वाकडे दात तारा लावून सरळ करता येत असताना वेळ वाचवायला एकाच बैठकीत आठ-दहा दात कोरून "स्माइल मेकओव्हर" करणं तर त्याहून गैर. विशीतल्या मुलामुलींना त्याच्या जाहिराती दिसतात, पण कोरलेल्या इनॅमलचा उल्लेख त्यांत नसतो. रंगच खटकत असेल तर ब्लीचिंग आहे आणि ते आधी करायचं असतं, कारण कंपोझिट किंवा पोर्सिलेन ब्लीचने उजळत नाही. ब्लीचिंगनंतर चिकटवण्याचं काम दोन आठवडे थांबवावं लागतं, नाहीतर इनॅमलमध्ये उरलेला ऑक्सिजन पकड बिघडवतो.

कॅपच्या बाबतीत दोघांचं एकमत पटकन झालं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडेलहॉफ आणि सोरेनसेन यांच्या अभ्यासात पुढच्या दातांवर पूर्ण कॅपसाठी दिसणाऱ्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग कोरावा लागतो असं दिसलं, व्हिनिअरसाठी ३ ते ३० टक्के. पोर्सिलेनची जॅकेट कॅप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी आणली. त्या काळी दाताला काही चिकटत नव्हतं, म्हणून दात खुंटीसारखा करून त्यावर टोपण चढवणं हाच मार्ग होता. मामा शिकत होते तेव्हाही पुढचा दात बराच तुटला की कॅप हेच उत्तर असे. विशीत कॅप बसवलेली माणसं चाळिशीत नस मेलेला दात घेऊन परत येताना त्यांनी पाहिली आहेत, आणि बाँडिंगबद्दलचा त्यांचा आग्रह तिथून आलेला आहे.

भाची : पण हे तुम्ही दाढेला लावू नका. रूट कॅनाल झालेली, एक भिंत गेलेली दाढ नुसत्या कंपोझिटवर सोडली तर चावताना उभी चिरते.

मामा : दाढेचं वेगळं. तिथे मीच तुझ्याकडे पाठवतो.

भाची : आणि पटाशीच्या दाताबद्दलही एक ऐका. इनॅमलचा ताठपणा साधारण ८० गिगापास्कल, पोर्सिलेनचा ७० च्या आसपास, कंपोझिटचा १० ते २०. इनॅमल गेलेला दात चावताना जास्त वाकतो. पोर्सिलेन त्याला त्याचा मूळ ताठपणा बराचसा परत देतं, माग्ने आणि बेल्सर या संशोधकांनी हे नीट मांडलेलं आहे. म्हणजे पोर्सिलेन हे फक्त सौंदर्यासाठी नाही. चाळिशीतल्या बाईचा, चार वेळा टवका उडालेला, झिजलेला दात असेल तर तिला पाचव्यांदा कंपोझिट लावणं म्हणजे तिचा वेळ आणि पैसा घालवणं.

मामा : त्या बाईला मीही कंपोझिट लावणार नाही. पण आपण या पोरीबद्दल बोलतोय. तिच्या नसेचं काय?

आणि इथे वाद वळला. मार लागलेल्या दाताची नस त्याच दिवशी मरते असं नाही. कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, काही न दुखता मरते आणि दात आतून राखाडी होत जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दाताचं मूळ टोकाला उघडं असतं, रक्तपुरवठा भरपूर असतो, दुखावलेली नस सावरू शकते. १९ व्या वर्षी ते टोक बंद झालेलं असतं आणि सावरण्याची शक्यता कमी. म्हणून अशा दाताला थंड लावून संवेदना तपासायची, एक्स-रे काढायचा, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा आणि वर्षाने पुन्हा.

मामा : आज तू पातळ, पारदर्शक व्हिनिअर लावलंस आणि सहा महिन्यांनी दात राखाडी झाला, तर तो रंग पोर्सिलेनमधून दिसणार. मागून भोक पाडून रूट कॅनाल करावं लागणार. मग व्हिनिअर काढ, नवं कर. आणि आज दात कोरण्याची जी उष्णता, जो त्रास, तोही त्याच दुखावलेल्या नसेला.

भाची : हे मान्य. वर्षभर पोर्सिलेनला हात लावायचा नाही. पण मग माझ्याही अटी. बाँडिंग तात्पुरतं समजून करायचं नाही. रबर डॅम लावून, थराथराने, दीड तास देऊन करा. उघड्या डेंटिनवर आधी नीट सील. मेणाच्या साच्यावरून सिलिकॉनचा ठसा मी करून देते, म्हणजे मागची भिंत पहिल्याच थरात नेमकी येईल आणि खालचे दात कुठे टेकतात तेही जुळेल. आणि तिला माउथगार्ड करून द्या, तिच्याच दाताच्या मापाचं. खो-खोमध्ये कुणी घालत नाही, पण ती घालेल.

मामा : ऊस दाताने सोलायचा नाही, पेनची टोपणं चावायची नाहीत, हेही सांगतो. आणि वर्षानंतर?

भाची : वर्षानंतर नस जिवंत असेल, कड धड असेल, तर राहू द्या. पण तीन-चार वर्षांत दोनदा टवका उडाला तर तिसऱ्यांदा थर द्यायचा नाही. तेव्हा तिला माझ्याकडे पाठवायचं.

मामा : तिसऱ्यांदा मी एकदा देऊन बघेन.

भाची : नको, मामा.

एवढ्यावर त्यांच्या मतभेदाचं टोक शिल्लक राहिलं आणि मला ते तसंच राहिलेलं बरं वाटतं, कारण तिसऱ्या टवक्याला काय करायचं हे खरोखरच त्या दातावर, त्या मुलीच्या चावण्यावर आणि तिच्या मर्जीवर अवलंबून आहे. आजच्या दातापुरतं माझं मत भावाच्या बाजूचं. १९ व्या वर्षी जे परत घेता येतं ते आधी करावं. पण ते करण्याची रीत मात्र माझ्या मुलीने सांगितलेली हवी.

त्या खेळाडू मुलीच्या वडिलांना मामांनी स्वतः सगळा हिशोब सांगितला. वर्षांचा, पैशांचा आणि कोराव्या लागणाऱ्या दाताचा. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आयुष्यभर याच्याकडे लक्ष ठेवावं लागणार?" मामा म्हणाले, "हो. पोर्सिलेन केलं असतं तरी ठेवावं लागलं असतं." मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिला खेळ सोडायचा नाही आणि चांगला दात कोरून घ्यायचा नाही. काम ठरलं.

मामांनी आणखी एक केलं. तिच्या संघाच्या प्रशिक्षकांना फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी मैदानावर दात तुटला तर तुकडा शोधा. तो ओला ठेवा, दुधात किंवा पाण्यात, आणि खेळाडूबरोबर पाठवा. तो तुकडा चिकटद्रव्याने पुन्हा जागेवर बसवता येतो आणि स्वतःच्या दाताइतका रंग कशाचाच जुळत नाही. आणि अख्खा दातच मुळासकट निघाला, तर त्याला मुळाशी धरायचं नाही, वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवायचा, घासायचा नाही, शक्य असेल तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवून रुमाल चावायला द्यायचा. जमत नसेल तर दुधात टाकून तासाभराच्या आत दवाखाना गाठायचा. हे पक्क्या दातांसाठी, दुधाचा दात परत बसवायचा नसतो. प्रशिक्षकांनी हे सगळं लिहून घेतलं आणि प्रथमोपचाराच्या पेटीत झाकणाची एक रिकामी बाटली ठेवली.